आउटलुक म्हणते ‘डेटा फाइल सापडत नाही’. अकरा वर्षांचे मेल गेले का?

वाडीनाका | सोमवार, दुपारी १२:१०

नमस्कार मंडळी. नागपुरात अमरावती रोडवर वाडीला आमचं छोटं ट्रान्सपोर्ट ऑफिस आहे. मुख्य कॉम्प्युटर एकच, त्यावर आउटलुक २०१६. बिल्ट्या (मालाच्या पावत्या), पार्ट्यांचे रेट, डिटेन्शनची (गाडी अडकून पडल्याच्या पैशांची) भांडणं, सगळं त्या मेलमध्ये. बाबांनी २०१५ मध्ये स्वतःच्या डोमेनवर ईमेल घेतला, तेव्हापासूनचं.

कॉम्प्युटर फार रखडत होता आणि हार्ड डिस्क मधूनमधून टकटक करत होती, म्हणून शनिवारी बर्डीतल्या एका दुकानातून मुलगा बोलावला. त्याने एसएसडी (नवी, वेगवान डिस्क) बसवली, विंडोज होतं तसंच्या तसं तिच्यावर उतरवलं आणि जुनी डिस्क आतच ठेवली. जाताना म्हणाला, ‘तुमचं काहीच हललं नाही, फक्त आता पळेल.’ पळतोय खरा. पण आज सकाळी आउटलुक उघडलं तर पाटी आली की डी:\मेल\ऑफिस.पीएसटी ही फाइल सापडत नाही. ऑफिसातल्या पोराने ओके दाबलं. पुढे एक खिडकी आली, तिच्यातही ओपन दाबलं. आउटलुक उघडलं, पण कोरं. इनबॉक्स शून्य, सेंट शून्य. सेंड-रिसीव्ह केलं की शून्य एक्स ८००४०१०एफ असा एरर.

डी ड्राइव्ह दिसतो, पण त्यात ‘मेल’ फोल्डरच नाही. दुकानातल्या मुलाला फोन केला तर म्हणतो, मी डीला हातच नाही लावला.

बाबांना अजून सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात एका जुन्या पार्टीविरुद्ध तारीख आहे आणि २०१९ चा एक मेल त्यात आमचा मुख्य आधार आहे. घाम फुटलाय, आणि तो नुसता मे महिन्याचा नाही.

खटपट्या | सोमवार, दुपारी १२:२५

तो ८००४०१०एफ सोपा असतो. आउटलुकला आलेला मेल टाकायला जागा सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. फाइल, अकाउंट सेटिंग्ज, तिथे तुमचं अकाउंट निवडा. खाली ‘चेंज फोल्डर’ असं बटण असेल, ते दाबून आत्ता दिसतोय तो इनबॉक्स दाखवा. मेल यायला लागतील.

तर्रीपोहा | सोमवार, दुपारी १२:३१

काहून बे, त्या पोराले ओके दाबाची एवढी काय घाई होती? आपल्या इकडे पाटी वाचाच्या आधी ओके दाबतेत लोकं, आन मग धागा काढतेत. 😄

वाडीनाका | सोमवार, दुपारी १२:५०

खटपट्या, जमलं. एरर गेला, शनिवार दुपारपासूनचे ६३ मेल आले. आजचं काम चालू झालं, उपकार झाले. पण जुनं? ते असं काही करून सर्व्हरवरून परत येईल का?

हिंगणारोड | सोमवार, दुपारी १:०५

थांबा. आउटलुक बंद करा आणि मी सांगेपर्यंत उघडू नका.

अकाउंट पॉप (मेल सर्व्हरवरून उतरवून कॉम्प्युटरवर ठेवणारं) आहे की आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवणारं)? स्वतःच्या डोमेनचा ईमेल आणि पीएसटी फाइल, म्हणजे बहुतेक पॉप. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण लावलेली होती का? ते आधी सांगा.

वाडीनाका | सोमवार, दुपारी १:१२

पॉपच आहे. ती खूण आम्हीच काढली होती ताई. होस्टिंगवाल्याकडे जागा एकच जीबी आहे, दर दोन महिन्यांनी मेलबॉक्स भरायचा.

हिंगणारोड | सोमवार, दुपारी १:३०

मग नीट ऐका. ते ६३ मेल आता सर्व्हरवर नाहीत. आत्ता तयार झालेल्या नव्या फाइलमध्ये आहेत, आणि फक्त तिथेच आहेत. ‘ही तर चुकून झालेली फाइल’ म्हणून कोणी ती उडवली की शनिवार ते सोमवार गेला. खटपट्यांचा उपाय चूक नाही, त्या एररला तोच उपाय आहे. पण जुनी फाइल सापडायच्या आधी तो केला की मेल दोन ठिकाणी वाटले जातात.

आता मूळ मुद्दा. मेल आउटलुकमध्ये नसतात. ते पीएसटी फाइलमध्ये असतात, आणि आउटलुककडे असतो त्या फाइलचा पत्ता. तो पत्ता प्रोफाइलमध्ये, म्हणजे विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या नोंदवहीत) लिहिलेला असतो. ‘सापडत नाही’ या पाटीचा अर्थ एवढाच की लिहिलेल्या पत्त्यावर ते नाव मिळालं नाही. महालातल्या एखाद्या वाड्याचा घर नंबर बदलला तर पोस्टमन पत्र परत नेतो, पण घरचे लोक ओट्यावरच बसलेले असतात.

फाइल उडाली असेल, फाइल हलली असेल, किंवा फाइल जागेवर आहे पण जागेचंच नाव बदललं असेल. तुमच्याकडे तिसरं झालं असावं असा मला वास येतोय. तीन गोष्टी पाहून सांगा:

डीमध्ये नेमके कोणते फोल्डर दिसतात?
‘धिस पीसी’त एकूण किती ड्राइव्ह दिसतात?
नुसत्या डीमध्ये नाही, पूर्ण ‘धिस पीसी’मध्ये तारांकन, टिंब आणि पीएसटी असं शोधून काय काय निघतं? नाव, आकार आणि तारीख तिन्ही हवं.

बजाजनगरचा | सोमवार, दुपारी १:४४

या काळात पॉप कोण वापरतं हो? सगळं जीमेलवर न्या आणि मोकळे व्हा.

हिंगणारोड | सोमवार, दुपारी १:४७

न्यायला आधी फाइल सापडायला हवी ना.

वाडीनाका | सोमवार, दुपारी २:२०

पाहिलं.

डीमध्ये विंडोज, प्रोग्राम फाइल्स, युजर्स आणि एक जुना ‘ड्रायव्हर्स’ फोल्डर. आमच्या डीमध्ये हे कधीच नव्हतं! आमच्या डीमध्ये मेल, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि स्कॅन एवढंच असायचं.

ड्राइव्ह चार दिसतात. सी, डी, ई (डीव्हीडी) आणि एफ. एफ म्हणजे पेनड्राइव्ह असेल, आमच्याकडे पेनड्राइव्ह नेहमी एफलाच लागतो.

शोध अजून चालू आहे, हिरवी पट्टी सरकते आहे. आत्तापर्यंत सापडलेली एक फाइल डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’मध्ये, आजचीच, ती नवी असणार. दुसरी डीमधल्या युजर्सच्या आत खूप खोल, १.९ जीबी, तारीख २०१६.

आणखी एक. टॅलीही आज कंपनी दाखवत नव्हतं. आम्हाला वाटलं तो वेगळा प्रॉब्लेम.

हिंगणारोड | सोमवार, दुपारी २:२८

वेगळा नाही, एकच आहे. डीमध्ये विंडोज दिसतंय, म्हणजे तो तुमचा डी नाही. तो तुमचा जुना सी आहे, डीचं नाव लावून बसलेला. एफ उघडा. पेनड्राइव्ह लावलेला तरी आहे का कॉम्प्युटरला?

वाडीनाका | सोमवार, दुपारी २:३३

नाही लावलेला.

एफमध्ये मेल, टॅली, स्कॅन.

मेलमध्ये ऑफिस.पीएसटी, ११.४ जीबी, बदलल्याची तारीख शनिवार, सकाळी १०:५२.

ताई, काय बोलू.

तर्रीपोहा | सोमवार, दुपारी २:३५

आयला!! घर तेच, नंबर बदलला फक्त. पोस्टमन खरंच आउटलुक होता राजेहो.

खटपट्या | सोमवार, दुपारी २:४१

हे मला सुचलं नव्हतं, मान्य. पण ताई, अक्षरं बदलली कशी? मी पण दोनदा एसएसडीवर विंडोज उतरवलं आहे, माझा डी डीच राहिला.

हिंगणारोड | सोमवार, दुपारी ३:१०

चांगला प्रश्न. विंडोज प्रत्येक डिस्कला तिच्या सहीवरून, म्हणजे डिस्कवर लिहिलेल्या ओळख क्रमांकावरून, ओळखतं, आणि कोणत्या सहीच्या कोणत्या भागाला कोणतं अक्षर दिलं याची नोंद ठेवतं. डिस्कची हुबेहूब नक्कल केली की सहीचीही नक्कल होऊ शकते. नक्कल करणारी काही सॉफ्टवेअर नवीन सही देतात, काही देत नाहीत. एकाच सहीच्या दोन डिस्क एका कॉम्प्युटरला लागल्या की विंडोज दुसरीला ऑफलाइन करून ठेवतं. मग कोणीतरी डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला ऑनलाइन करतो, त्या क्षणी विंडोज तिच्यावर नवी सही लिहितं, आणि जुनी नोंद त्या डिस्कला लागू पडत नाही. अक्षरं पहिल्यापासून वाटली जातात. पहिलं रिकामं अक्षर डी, ते मिळालं जुन्या सीला. ईवर डीव्हीडी बसलेली. म्हणून तुमच्या खऱ्या डीला एफ.

दुकानातला मुलगा खोटं बोलला नाही. त्याने डीला हात लावला नाही, फक्त डिस्क ऑनलाइन केली. तुमच्या वेळी, खटपट्या, सॉफ्टवेअरने नवी सही एसएसडीला दिली असेल किंवा जुनी डिस्क तुम्ही आधीच काढून ठेवली असेल.

१.९ जीबीवाली फाइल जुन्या अर्काइव्हची दिसते. आउटलुक २००२ आणि त्याआधीच्या पद्धतीच्या पीएसटीला २ जीबीचं कुंपण होतं, त्याच्या जवळ गेली की लोक नवी फाइल सुरू करायचे. वाडीनाका, तुमच्याकडे २०१५ च्या आधीचे काही मेल आयात केलेले असतील तर तिच्यात बघा. घाई नाही. २००३ आणि २००७ मध्ये ते कुंपण २० जीबीवर गेलं, २०१० पासून ५० जीबी आहे. तुमची ११.४ तिथे आरामात बसते.

वाडीनाका | सोमवार, दुपारी ३:१८

मग आता आउटलुकला एफचा पत्ता दाखवला की झालं?

हिंगणारोड | सोमवार, दुपारी ३:३०

दाखवला तर उघडेल. पण आज तसं करू नका. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की ती डिस्क टकटक करते. टकटक करणाऱ्या डिस्कवरची ११ जीबीची फाइल उघडून तिच्यात आणखी लिहायला लावणं म्हणजे लंगड्या बैलाला पोळ्याच्या तोरणाखाली पळवणं.

आधी एसएसडीवर सीमध्ये ‘मेल’ नावाचा फोल्डर करा. फाइल कॉपी करा. कट नाही, कॉपी. टॅलीचा फोल्डरही लगेच कॉपी करून ठेवा. कॉपी होताना आउटलुक बंदच हवं.

सिव्हिललाइन्स | सोमवार, दुपारी ३:५२

वकिली सवयीने मध्ये बोलतो. तो २०१९ चा मेल कोर्टात लागणार असेल तर ही प्रत अजून एका बाहेरच्या डिस्कवरही काढा, आणि ती प्रत आउटलुकमध्ये उघडू नका. पीएसटी नुसती आउटलुकमध्ये उघडली तरी फाइल बदलते, मग तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा अंगठ्याच्या ठशासारखा आकडा, जुळत नाही.

१ जुलै २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम ६३ लागू आहे. जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५ बची जागा त्याने घेतली. सोबतच्या प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच दिला आहे. एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात हॅश लिहावा लागतो. विंडोजमध्ये सर्टयूटिल या कमांडने तो निघतो. फाइल कोणत्या डिस्कवरून, कधी, कोणी काढली हे आजच एका कागदावर लिहून ठेवा. नंतर कोणालाच आठवत नाही. बाकी तुमच्या वकिलांना विचारा, मी तुमचे कागद पाहिलेले नाहीत.

वाडीनाका | सोमवार, दुपारी ४:०५

धन्यवाद सर. हे डोक्यातच नव्हतं. कॉपी लावली आहे. सुरुवातीला सात मिनिटं दाखवत होतं, आता एक तास दाखवतंय.

आकडेमोड | सोमवार, दुपारी ४:२०

कॉपी होईपर्यंत माझी गोष्ट ऐका. मी सीए आहे, ऑफिस धरमपेठेत. आमच्याकडे हीच पाटी आली होती, पण कारण वेगळं. विंडोजने एक दिवस विचारलं, ‘तुमचे फोल्डर वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत) सुरक्षित ठेवू का?’ आर्टिकलशिपच्या मुलीने हो म्हटलं. डॉक्युमेंट्स फोल्डर उचलून वनड्राइव्हच्या आत गेला. आउटलुक २०१० पासून नवी पीएसटी तयार करताना डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’मध्येच ठेवतं, त्यामुळे पीएसटीही सोबत गेली, आणि आउटलुक जुन्याच पत्त्यावर तिला शोधत बसलं. जुलैचा महिना, रिटर्न डोक्यावर, आणि क्लायंटचे सगळे मेल गायब.

वनड्राइव्हच्या सेटिंगमधून डॉक्युमेंट्सचा बॅकअप थांबवला, फाइल पूर्ण खाली उतरलेली आहे हे तपासलं, मग सीमध्ये साध्या फोल्डरला हलवली. उघडी पीएसटी आणि वनड्राइव्ह यांचं जमत नाही. एक लिहीत असतं, दुसरा उचलून न्यायला बघतो.

बुटीबोरीलोकल | सोमवार, दुपारी ४:३४

आमच्या कंपनीत तर कोणीतरी पीएसटी नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवली होती, ‘सगळ्यांना दिसावी’ म्हणून. मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगतं की नेटवर्कवरून पीएसटी वापरू नका. रोज कोणाचं तरी आउटलुक लटकायचं.

बजाजनगरचा | सोमवार, दुपारी ४:४०

म्हणूनच म्हणतो, जीमेल.

वाडीनाका | सोमवार, संध्याकाळी ५:५०

दादा, जीमेलवर नेऊ हो. आधी मेल तर हातात येऊ द्या.

कॉपी झाली. एकदा मध्ये अडकल्यासारखं वाटलं, डिस्क तीनदा टकटकली, पण पुढे सरकलं. ११.४ जीबीला पाऊण तासाच्या वर लागला. दोन प्रती केल्या, एक सीमध्ये आणि एक बाहेरच्या डिस्कवर. सिव्हिललाइन्स सरांनी सांगितल्याप्रमाणे कागदावर लिहिलं, बाबांची सही घेतली. म्हणजे बाबांना सांगावंच लागलं. ते काहीच बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, ‘बिल्टीबुकं अजून पोटमाळ्यावर आहेत. कागद कुठं जात नाही.’

तर्रीपोहा | सोमवार, संध्याकाळी ५:५८

पोटमाळ्यावरच्या बिल्ट्याइले वाळवी लागते, काकाइले सांगजो. 😄

हिंगणारोड | सोमवार, संध्याकाळी ६:१५

छान. आता आउटलुक न उघडता कंट्रोल पॅनेल उघडा, वर ‘स्मॉल आयकॉन्स’ करा, म्हणजे ‘मेल’ दिसेल. त्यात ‘डेटा फाइल्स’. तिथे डी:\मेल\ऑफिस.पीएसटी अशी जुनी नोंद दिसेल आणि आजची नवी फाइल. ‘ॲड’ करून सी:\मेल मधली प्रत जोडा आणि ‘सेट ॲज डिफॉल्ट’ करा. जुनी डीवाली नोंद काढून टाका. नोंद काढली म्हणून फाइल पुसली जात नाही. नवी फाइल मात्र राहू द्या, तिच्यात ते ६३ मेल आहेत.

मग ईमेलच्या टॅबवर जाऊन ‘चेंज फोल्डर’ने पुढचे मेल पुन्हा ऑफिस.पीएसटीच्या इनबॉक्सकडे वळवा. सकाळी खटपट्यांनी सांगितलं तेच, फक्त आता बरोबर जागेकडे.

ड्राइव्हची अक्षरंही परत जागेवर आणा. मेलसाठी गरज नाही, टॅलीसाठी आहे, आणि डेस्कटॉपवरच्या तुमच्या शॉर्टकटसाठी. स्टार्टवर उजवं क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. आत्ताच्या डीला आधी दुसरं काही अक्षर द्या, समजा एक्स. मग एफला डी. अक्षरावर अवलंबून असलेले प्रोग्रॅम बिघडू शकतात असा इशारा येईल. तुमचे आधीच बिघडलेत, म्हणून हो म्हणा. सीला हात लावू नका.

वाडीनाका | सोमवार, संध्याकाळी ७:०५

अक्षरं बदलली. टॅलीने लगेच कंपनी दाखवली!

आउटलुक मात्र उघडत नाही. आता नवी पाटी, की सी:\मेल\ऑफिस.पीएसटी मध्ये चुका आढळल्या, इनबॉक्स रिपेअर टूल चालवा. म्हणजे कॉपी करताना खराब झाली का?

हिंगणारोड | सोमवार, संध्याकाळी ७:२०

कॉपीत असेलही, पण मला शनिवारचा संशय आहे. सकाळी १०:५२ नंतर काय झालं? मुलाने कॉम्प्युटर नीट शटडाऊन करून उघडला होता का?

वाडीनाका | सोमवार, संध्याकाळी ७:३१

आत्ता पोराला विचारलं. शनिवारी अकराच्या सुमारास दोन्ही कूलर एकदम चालू केले आणि एमसीबी पडली. यूपीएसची बॅटरी कधीची मेलेली. आउटलुक तेव्हा उघडंच होतं. मग लाइट आल्यावर थेट दुकानातला मुलगाच आला.

बुटीबोरीलोकल | सोमवार, संध्याकाळी ७:३६

मे महिन्यात नागपुरात अर्ध्या पीएसटी कूलरच्या मोटरीच मारतात.

हिंगणारोड | सोमवार, संध्याकाळी ७:५०

मग तेच. पीएसटीत लिहिणं अर्धवट राहिलं. यासाठी ऑफिससोबतच स्कॅनपीएसटी नावाचं टूल येतं. स्टार्ट मेन्यूत दिसत नाही. सीमध्ये प्रोग्राम फाइल्स, मायक्रोसॉफ्ट ऑफिस, बहुधा रूट, मग ऑफिस१६ या फोल्डरमध्ये असतं. ऑफिस ३२-बिट असेल तर प्रोग्राम फाइल्स एक्स८६ मध्ये बघा. सीमधली प्रत त्याला द्या. बाहेरच्या डिस्कवरच्या प्रतीला लावू नका, सिव्हिललाइन्स रागावतील.

‘दुरुस्तीआधी बॅकअप काढा’ ही खूण तशीच असू द्या. एका फेरीत सगळं निघत नाही. चुका नाहीत असं म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा चालवा. आणि काम चालू असताना कूलर एकेक करून लावा.

सकाळीच कोणी सांगितलं असतं की ‘स्कॅनपीएसटी चालव’, तर ते टूल नेमकं कशावर चालवणार होतात? त्याला आधी फाइल दाखवावी लागते. हरवलेल्या फाइलवर ते चालत नाही, बिघडलेल्या फाइलवर चालते. बरेच लोक हे दोन रोग एक समजतात, आणि मग नवीन प्रोफाइल, ऑफिस रिपेअर, ऑफिस पुन्हा टाकणं, असं सगळं करत बसतात. पत्ता चुकलेला असताना ऑफिस दहा वेळा टाकलं तरी पत्ता सुधारत नाही.

खटपट्या | सोमवार, रात्री ८:०२

सकाळी मी तेच लिहिणार होतो खरं तर. 🙏

वाडीनाका | मंगळवार, सकाळी १०:४०

रात्री तीन फेऱ्या चालवल्या. पहिलीला दीड तास. मी ऑफिसातच थांबलो, पोराला कूलरच्या बटणापासून लांब बसवलं. तिसऱ्या फेरीत ‘चुका नाहीत’.

आउटलुक उघडलं. सगळं आहे. २०१५ पासून. ‘लॉस्ट अँड फाउंड’ असा एक फोल्डर तयार झाला, त्यात ४१ मेल. त्यातले बहुतेक शनिवार सकाळचे, ओढून इनबॉक्समध्ये टाकले.

आणि २०१९ चा तो मेल आहे. बाबांनी स्वतः वाचला, दोनदा. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

सिव्हिललाइन्स | मंगळवार, सकाळी ११:०५

उत्तम. तो मेल नुसता प्रिंट काढून ठेवू नका. त्याचे हेडर, म्हणजे कोणत्या सर्व्हरवरून कधी आला ते, मेल वेगळ्या खिडकीत उघडून फाइल, प्रॉपर्टीज मध्ये दिसतात. ते कॉपी करून सोबत ठेवा. समोरचा वकील ‘हा मेल आमचा नाही’ म्हणाला की हेच कामाला येतं.

वाडीनाका | मंगळवार, सकाळी ११:२०

केलं सर.

ताई, ते ६३ मेल आता ऑफिस.पीएसटीत कसे आणू? डावीकडे दोन्ही फाइल एकाखाली एक दिसत आहेत.

हिंगणारोड | मंगळवार, सकाळी ११:४५

६३ च असतील तर सगळे निवडून ओढा. मोठा आकडा असता तर फाइल, ओपन अँड एक्स्पोर्ट, इम्पोर्ट या वाटेने ‘डुप्लिकेट आणू नका’ निवडून आणले असते. सोमवारी पोराने काही उत्तरं पाठवली असतील, ती नव्या फाइलच्या सेंटमध्ये असतील, ती विसरू नका. मोजून घ्या, मगच नवी फाइल डेटा फाइल्समधून बंद करा. ती आठवडाभर पुसू नका.

मग ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ची खूण लावा आणि १४ दिवसांनी काढून टाका असं ठरवा. जागा भरणार नाही, आणि असं पुन्हा झालं तर निदान दोन आठवडे हाताशी असतील. यूपीएसची बॅटरी आजच.

आणि बजाजनगरच्या दादांचं पूर्ण चूक नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला ऑफिस २०१६ चा पाठिंबा संपलाय, विंडोज १० चाही. सावकाश, एखाद्या रविवारी, मेल आयमॅपवर किंवा दुसरीकडे न्यायचा विचार करा. फक्त आउटलुकच्या कोपऱ्यातलं ‘नवीन आउटलुक’चं बटण गंमत म्हणून सरकवू नका. जुन्या आउटलुकमध्ये पीएसटी जशी चालते तशी तिथे चालत नाही, आणि तुम्ही पुन्हा इथे ‘मेल गेले’ म्हणून याल.

बजाजनगरचा | मंगळवार, सकाळी ११:५२

पूर्ण चूक नाही! हे मी फ्रेम करून लावतो.

नवाप्रश्न | मंगळवार, दुपारी १:१५

धागा वाचला. मी आउटलुकऐवजी थंडरबर्ड हे मेलचं सॉफ्टवेअर वापरतो, त्याला पण ‘प्रोफाइल उघडता येत नाही, हरवलं असेल’ अशी पाटी येते. हेच सगळं तिथे लागू होईल का?

हिंगणारोड | मंगळवार, दुपारी १:४०

रोग तोच, पत्त्याचं पुस्तक वेगळं. थंडरबर्डचा पत्ता रजिस्ट्रीत नसतो. ॲपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड या फोल्डरमध्ये प्रोफाइल्स.आयएनआय नावाची साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. ॲपडेटा लपवलेला असतो, ‘हिडन आयटम्स’ची खूण लावा. तिच्यात लिहिलेला फोल्डर खरंच त्या जागी आहे का ते बघा. फोल्डरचं नाव कोणी बदललं किंवा तो हलवला की ही पाटी येते. काहीही बदलायच्या आधी पूर्ण थंडरबर्ड फोल्डरची कॉपी. पुढचं नव्या धाग्यात विचारा, इथे गल्लत होईल.

वाडीनाका | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

मोजले. इनबॉक्सचे ६३, सेंटचे ९. सगळे आले. नवी बॅटरी बसली. दुकानातल्या मुलालाही फोन करून काय झालं होतं ते सांगितलं. तो म्हणाला, ‘ऑनलाइन केल्याने अक्षर बदलतं हे मला नव्हतं माहीत.’ पुढच्या गिऱ्हाइकाला निदान विचारेल.

ताई, खटपट्या, सर, सगळ्यांचे आभार. वाडीकडे आलात तर चहा नाही, पोहे.

तर्रीपोहा | मंगळवार, संध्याकाळी ६:३४

मले बोलावलं असं समजून राहिलो. जुन्या डिस्कचं काय केलं? भंगारात नको देजो.

वाडीनाका | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

टॅली आणि स्कॅन पण एसएसडीवर घेतलं आणि ती डिस्क काढून घेतली. बाबांनी तिला बिल्टीबुकांच्या पेटीत ठेवलंय. वर चिकटपट्टी लावून स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: ‘पुसू नये. केस चालू आहे.’